शेतकऱ्याच्या आडोशाला शहराने उभं राहू नये

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
आणि शहरातील सर्व नगरसेविका व नगरसेवक

विषय: नाशिकचा ओला कचरा, सांडपाणी आणि त्यातून हवेत जाणारा मिथेन

सस्नेह नमस्कार.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत अमेरिका आणि युरोपीय संघाने जागतिक मिथेन प्रतिज्ञा मांडली. मिथेन या पृथ्वी तापवणाऱ्या वायूचं जगभरातलं उत्सर्जन २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी खाली आणायचं, असा तो संकल्प. दीडशेहून जास्त देश त्यात सामील झाले, भारत झाला नाही. सरकारने संसदेत त्याचं कारण सांगितलं. आपल्याकडचा मिथेन मुख्यतः गुराढोरांच्या पोटातून आणि भातखाचरांतून येतो, ही दोन्ही छोट्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांची उपजीविका आहे, आणि त्यांच्या पोटावर पाय देऊन आकडे खाली आणायचे नाहीत.

मला ही भूमिका मनापासून पटते, आणि पटते म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

माझं माहेर इगतपुरी तालुक्यातलं. घरची भातखाचरं आहेत, गोठ्यात म्हशी आहेत. पाणी साचलेल्या खाचरात चिखलाखाली हवा पोचत नाही, तिथे मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव वाढतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातही तेच घडतं आणि बहुतेक वायू ढेकरेतून बाहेर पडतो. हे शास्त्र खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आषाढ-श्रावणात आमच्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. अशा वेळी भातकऱ्याला ‘खाचरातलं पाणी काढून टाका, जमिनीला भेगा पडू द्या, मग पुन्हा पाणी भरा’ असं कोण सांगणार? कालव्याच्या किंवा पंपाच्या पाण्यावर भात होतो तिथे ही आलटून पालटून ओलं-कोरडं ठेवण्याची पद्धत चालते आणि तिने मिथेन बराच कमी होतो. घाटमाथ्यावर पावसाला वेळापत्रक देता येत नाही. आमच्या भागाला नेरळचं सगुणा भात तंत्र जास्त जवळचं आहे. कायमचे गादीवाफे, चिखलणी नाही, आवणी म्हणजे रोपांची लावणी नाही. आवणीला माणसं मिळेनाशी झाली आहेत, म्हणून शेतकरी त्याकडे वळतो, आणि चिखल न झाल्यामुळे मिथेनही कमी होतो. जनावरांसाठी बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने ‘हरित धारा’ नावाचं पूरक खाद्य तयार केलं आहे. त्याने पोटातला मिथेन १७ ते २० टक्के घटतो असं ती संस्था सांगते. पण ज्या घरी म्हैस बांधावरच्या गवतावर आणि भाताच्या पेंढ्यावर जगते, तिथे विकतचं पूरक खाद्य आधी दूध वाढवून दाखवेल तेव्हाच घेतलं जाईल. शेतीतला मिथेन असाच कमी होणार, शेतकऱ्याला परवडेल त्या चालीने. त्याला घाई करता येणार नाही, करूही नये.

आता शहराकडे येते.

देशाने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या हिशेबानुसार २०१६ साली भारताच्या एकूण मिथेनपैकी जवळपास ७४ टक्के शेती आणि पशुपालनातून आला. साडेचौदा टक्क्यांच्या आसपास कचरा आणि सांडपाण्यातून, आणि साडेदहा टक्क्यांच्या आसपास कोळसा, तेल, वायू अशा ऊर्जाक्षेत्रातून. सरकारने जगासमोर ढाल धरली ती त्या ७४ टक्क्यांसाठी. कचरा-सांडपाण्याच्या साडेचौदा टक्क्यांसाठी तशी कुठलीच ढाल नाही. उरलेला भात-आमटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ढिगावर टाकल्याने कुणाचं पोट भरत नाही. तो वायू थांबवला तर एकाही माणसाची भाकरी जात नाही, उलट चार माणसांना काम मिळतं. शेतकऱ्याला सवलत मागणाऱ्या देशात शहराची जबाबदारी दुप्पट होते, असं मला वाटतं. आणि कायद्याने शहराचा कचरा आणि सांडपाणी ही दोन्ही कामं आपल्याकडे आहेत.

‘त्या साडेचौदा टक्क्यांत सांडपाण्याचा वाटा मोठा, घनकचऱ्याचा लहान,’ असं आपला एखादा अभियंता म्हणेल. बरोबरच आहे. मी दोन्हींबद्दल बोलणार आहे. पण माझा हात रोज ज्यात असतो तिथून सुरुवात करते.

अंबड औद्योगिक वसाहतीच्या जवळ माझी खानावळ आहे. कंपन्यांतली मुलं येतात, बिहार-उत्तर प्रदेशातली, बीड-परभणीची, आपल्या पेठ-सुरगाण्याची. खानावळीचं खरकटं म्हणजे काय ते मी सांगू शकते. पोळ्यांचे तुकडे, करपलेली खिचडी, डाळीचा गाळ, कोबीची बाहेरची पानं, मेथीच्या काड्या, बटाट्याची सालं, आणि पावसाळ्यात आंबलेलं कणकेचं पाणी. वजनाला जड, कारण त्यात पाणीच जास्त. भाताची पेज आणि भाजीचा पाला गवळी घेऊन जातो. राहतं ते उष्टं, तेलकट, मिठाचं. ते जनावराला घालता येत नाही. ते कचऱ्यात जातं.

हाच माल उघड्यावर पातळ थरात पसरला, वेळोवेळी खालीवर केला, तर त्याचं खत होतं आणि मिथेन फारसा तयार होत नाही. पण तो प्लास्टिक, माती, चिंध्यांबरोबर पंचवीस-तीस फूट उंच ढिगात दाबला गेला की आतली हवा संपते, आणि खाचराच्या चिखलात जे घडतं तेच तिथे सुरू होतं. फरक इतकाच की खाचर निदान भात देतं. आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीने पाहिलं तर खोल ढिगात गेलेल्या एक टन अन्नकचऱ्यातून पुढच्या काही वर्षांत पन्नास किलोपर्यंत मिथेन निघू शकतो. वीस वर्षांचा काळ धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता अडवतो. म्हणजे एका टनाची किंमत चार टन कार्बन डायऑक्साइडइतकी. आणि नाशिक दिवसाला शेकडो टन कचरा टाकतं, त्यातला मोठा भाग ओला.

हा वायू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फार काळ कुणी विचारलं नाही. आता आकाशातून दिसतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या मदतीने दिल्ली, मुंबई, लाहोर आणि ब्यूनोस आयर्स या शहरांच्या कचराभूमींवरून निघणारा मिथेन मोजला. मुंबईचं नाव त्यात असल्याचं वाचलं तेव्हा मला नाशिक आठवलं. उद्या कुणी आपल्यावरून उपग्रह फिरवला तर काय दिसेल, याची काळजी वाटली.

मिथेनची एक गोष्ट मला आशेची वाटते. तो हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो, त्याचं आज केलेलं काम नातवंडांना दिसतं. मिथेनची गळती थांबवली तर परिणाम आपल्याच हयातीत दिसतो. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत हवेतला मिथेन अडीचपटीहून जास्त झाला आहे, आणि आतापर्यंतच्या तापमानवाढीत त्याचा वाटा अर्ध्या अंशाच्या घरात आहे. शिवाय हवेत मोडत असताना तो जमिनीलगतचा ओझोन वाढवतो. हा ओझोन पिकांची पानं जाळतो आणि द्राक्षाच्या वेलीला तर तो फार बाधतो. निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराला गारपीट दिसते, अवकाळी दिसतो, हा दिसत नाही. शहराच्या ढिगावरचा वायू आणि त्याच्या बागेवरची हवा एकच आहे.

आता सिलिंडरचा हिशेब, कारण खानावळवालीला दुसरा हिशेब येत नाही. नीट वेगळं केलेल्या एक टन अन्नकचऱ्यातून बंद टाकीत ८० ते १०० घनमीटर बायोगॅस मिळतो. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास एलपीजी. शंभर टन ओला कचरा रोज नीट वेगळा होऊन टाकीत गेला, तर १९ किलोच्या दोनशेच्या आसपास व्यावसायिक सिलिंडरांइतका गॅस रोज निघेल. आज तोच गॅस ढिगातून वर जातो आणि मी सिलिंडर विकत घेते. माझ्यासारख्या शेकडो जणी घेतात. हा इंधनाचा पैसा नाशिकच्या खिशातून जातो आणि इंधन नाशिकच्याच डोक्यावरून उडून जातं.

हे तंत्र आपल्या मातीला नवं नाही. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसतिगृहात मैल्यापासून वायू काढून दिवे लावले होते. गावोगावी गोबर गॅस आले. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी स्वयंपाकघराच्या खरकट्यावर चालणारी छोटी टाकी तयार केली. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ उभं केलं, ते माथेरानसारख्या ठिकाणी चाललं. आणि नाशिकला तर स्वतःचा अनुभव आहे. २०१७ च्या अखेरीस जर्मनीच्या जीआयझेड संस्थेच्या साहाय्याने विल्होळीला कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प सुरू झाला. हॉटेलांचं उरलेलं अन्न आणि सार्वजनिक शौचालयांच्या टाक्यांतला मैला एकत्र कुजवायचा, दिवसाला ३० टनांची क्षमता, रोज तीन हजारांवर युनिट वीज मिळावी अशी रचना. ही जोडी फार विचारपूर्वक निवडली होती. नुसतं अन्न टाकीत घातलं तर ते लवकर आंबतं, आम्लता वाढते आणि मिथेन करणारे सूक्ष्मजीव मरगळतात. मैल्यामुळे टाकी तोलून राहते. देशात अशी कल्पना फार कमी शहरांनी प्रत्यक्षात आणली होती. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि म्हणूनच आज तिथे रोज किती टन ओला कचरा जातो, किती गॅस निघतो, किती युनिट वीज होते हे मला दर महिन्याला वाचायला मिळावं अशी इच्छा आहे. आकडा लहान असला तरी चालेल. लहान आकडा समोर असेल तर तो वाढवता येतो.

माझी पहिली मागणी हीच आहे. शहरात रोज किती ओला कचरा वेगळा होऊन येतो, किती कुजवण्याच्या टाक्यांत जातो, किती खताला, किती ढिगावर, आणि मलनिस्सारण केंद्रांतून किती वायू पकडला जातो, हे महापालिकेच्या फलकावर आणि वर्तमानपत्रांत दर महिन्याला छापा. मिथेनचं वेगळं खातं ठेवा.

दुसरी गोष्ट गाडीच्या वेळेची. घंटागाडी ही नाशिकची जुनी ओळख आहे, ती सकाळी येते आणि घरांसाठी ती वेळ योग्यच आहे. पण खानावळींचं, हॉटेलांचं, मंगल कार्यालयांचं खरकटं तयार होतं दुपारी तीन वाजता आणि रात्री दहा-साडेदहाला. लग्नसराईत तर बारा वाजतात. रात्रभर ते बंद पिंपात राहतं, उन्हाळ्यात सकाळपर्यंत फसफसतं, कुत्री पिंप पाडतात, आणि मग वैतागून माणूस सगळं एकाच पिशवीत भरतो. फक्त अन्नकचऱ्यासाठी, फक्त मोठ्या जागांसाठी, दुपारी आणि रात्री फिरणारी वेगळी गाडी सुरू करा. तिच्यात दुसरं काही घेऊच नका. ती गाडी ढिगाकडे जाणार नाही, थेट टाकीकडे जाईल, हे तिच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत लिहा. घरोघरी लोकांनी मेहनतीने वेगळा केलेला कचरा पुढे कुठेही एकत्र झाला, तर लोक महिनाभरात वेगळा करणं सोडून देतात आणि मग वर्षभर सांगूनही पुन्हा करत नाहीत. या कामात विश्वास हाच मुख्य माल आहे.

टाक्यांबद्दल मला एक सुचतं. सगळं एकाच ठिकाणी, शहराबाहेर नेण्याऐवजी अंबड, सातपूर, पंचवटीची बाजार समिती आणि नाशिकरोड अशा ठिकाणी पाच-दहा टनांच्या टाक्या उभ्या करता येतील का ते पाहा. मार्केट यार्डात भाजीपाल्याचा कचरा रोज एका जागी पडतो, टोमॅटोचे भाव पडले की तर क्रेटच्या क्रेट ओतले जातात. त्यात प्लास्टिक कमी, त्यामुळे वेगळं करायचा त्रासही कमी. निघालेला गॅस जवळच्या खानावळींना, कंपन्यांच्या कॅन्टीनला किंवा आश्रमशाळेच्या स्वयंपाकघराला नळाने देता येईल. मोठ्या टाकीचा मार्ग इंदूरने घेतला. तिथे २०२२ च्या फेब्रुवारीत ५५० टन ओल्या कचऱ्याचा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला, त्यातून रोज सतरा टनांच्या आसपास गॅस मिळावा अशी योजना आहे आणि तो शहरातल्या बसगाड्यांना जातो. आपल्या सिटीलिंक या शहर बससेवेच्या बहुतांश बस सीएनजीवरच धावतात. इंदूरला ते जमलं याचं खरं कारण यंत्र नाही. तिथे घराच्या दारात कचरा वेगळा होतो आणि तो वेगळाच राहतो. इतर शहरांत महागडी यंत्रं बंद पडली ती बहुतेकदा त्यात काय गेलं म्हणून. लिंबा-संत्र्याच्या सालींचा ढीग, हाडं, नारळाच्या शेंड्या, दुधाच्या पिशव्या, मीठ-मसाल्याची चांदीची पाकिटं. यातली प्रत्येक वस्तू टाकीला त्रास देते. माझ्या खानावळीत वाढणाऱ्या बायकांना हे एकदा समजावून सांगितलं, पिंपावर चित्र चिकटवलं, आणि त्या आता मला ओरडतात. शहराला शिकवणं अवघड नाही. पण शिकवणारा माणूस वर्षभर वस्तीत असावा लागतो, मोहिमेच्या आठवड्यापुरता नाही.

टाकीतून गॅसबरोबर स्लरी, म्हणजे कुजून उरलेला पातळ रबडा निघतो, त्याला विसरू नका. द्राक्ष बागाईतदार दरवर्षी ट्रकच्या ट्रक शेणखत बाहेरून विकत घेतात. मिश्र कचऱ्याचं खत त्यांना नको असतं, त्यात काच आणि प्लास्टिक येतं, आणि ते नाकारतात ते योग्यच करतात. फक्त अन्नकचऱ्याच्या टाकीतली स्लरी मात्र तपासून, जड धातूंचा आणि क्षारांचा अहवाल जोडून दिली तर तिला गिऱ्हाईक नाशिकमध्येच आहे. शेतातून आलेली मेथी खत होऊन शेतात परत जाईल.

जुन्या ढिगाचं काय करायचं, हे आपले अधिकारी माझ्यापेक्षा जास्त जाणतात. बायोमायनिंग, म्हणजे जुना ढीग उकरून त्यातला माल वेगळा करणं, चालू असेल ते चालू राहो. जो भाग अजून हलवायचा आहे त्यावर मुरलेल्या खताचा जाड थर टाकला तर त्यातले सूक्ष्मजीव वर येणारा मिथेन बराचसा खाऊन टाकतात. हा स्वस्त उपाय आहे. नव्या कचऱ्यातलं अन्न तिथे पोचूच नये, ही खरी अट. २०१६ च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं की भरावभूमीत फक्त कुजत नाही, वापरता येत नाही, पुन्हा घडवता येत नाही असाच माल जावा.

आता सांडपाणी. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथल्या जुन्या मलनिस्सारण केंद्रांची मूळ रचना बरीचशी हवेविना कुजवण्याच्या, म्हणजे यूएएसबी पद्धतीची आहे. या पद्धतीत वीज कमी लागते, पण मिथेन भरपूर तयार होतो. तो घुमटात पकडून इंजिनाला किंवा निदान ज्योतीला दिला तरच ती पद्धत हवेला परवडते. नुसता जाळला तरी फायदा आहे, कारण मग तो कार्बन डायऑक्साइड होऊन जातो आणि बराच कमी घातक ठरतो. शिवाय थोडा मिथेन बाहेर पडणाऱ्या पाण्यात विरघळून राहतो आणि नंतर हवेत निसटतो. गोदावरीच्या शुद्धीसाठी या केंद्रांच्या नूतनीकरणाची कामं निघतात तेव्हा निविदेत बीओडी किती, सीओडी किती, म्हणजे पाण्यातली घाण किती उरावी, हे असतं. त्याच कागदात वायू किती पकडला आणि किती वापरला, ही ओळ घाला. ठेकेदाराला त्या ओळीवर पैसे द्या किंवा कापा. आपल्या हातातल्या सगळ्या मिथेनपैकी हा कदाचित सर्वांत मोठा हिस्सा असेल, आणि तो आधीच टाकीत, भिंतींच्या आत आहे. त्याला शोधत फिरावं लागत नाही.

आणि सिंहस्थ. २०२७ मध्ये साधुग्राम उभं राहील, आखाड्यांचे भंडारे लागतील, अन्नछत्रांत दिवसरात्र पंगती बसतील. २०१५ च्या सिंहस्थात मी एका अन्नछत्रात वाढायला जात असे. लाखो माणसांना प्रेमाने जेवू घालण्याचं पुण्य नाशिकच्या वाट्याला येतं ही मोठी गोष्ट आहे. पण पंगत उठल्यावर पत्रावळी, द्रोण, उरलेला शिरा, पुऱ्या, प्लास्टिकचे पेले हे सगळं एका झाडूने एका ढिगात जातं. या वेळी प्रत्येक अन्नछत्राला परवानगी देतानाच अट घाला: पेले पुन्हा वापरता येणारे, पत्रावळी पानांच्या, आणि उरलेलं अन्न वेगळ्या पिंपात. तपोवनाजवळ सिंहस्थापुरत्या नव्हे, नंतरही चालतील अशा टाक्या आत्ताच बांधायला घ्या. कुजवण्याची टाकी आज बांधली आणि उद्या चालू झाली असं होत नाही. आतले सूक्ष्मजीव रुळायला काही आठवडे ते महिने लागतात, आणि पर्वणीच्या दिवशी एकदम दसपट अन्न ओतलं तर ती बसते. म्हणून आधीपासून तिला थोडंथोडं भरवत आणावं लागतं. तात्पुरत्या शौचालयांचा मैलाही तिथेच नेता येईल, विल्होळीच्या अनुभवामुळे ते आपल्याला नव्याने शिकायला नको. महंतांशी आणि अन्नछत्र चालवणाऱ्या मंडळांशी आपण स्वतः जाऊन बोला. ते ऐकतील. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणारी माणसं आहेत ती.

पैशाचं म्हणाल तर केंद्राच्या गोबरधन आणि स्वच्छ भारत अभियान २.० या दोन्ही योजनांत अशा प्रकल्पांना जागा आहे, आणि २०१८ पासूनच्या ‘सतत’ योजनेत तेल कंपन्या शुद्ध केलेला बायोगॅस विकत घेतात. खर्चाच्या बाजूने एकच सांगते. घंटागाडीवरच्या कामगाराच्या मजुरीत आणि हातमोज्यांत काटकसर करू नका. वेगळं केलेलं वेगळं राहतं ते त्याच्या हातात. आणि टाक्या साफ करायला माणूस आत उतरवू नका, कुठल्याही कारणाने, एकदाही. या वायूने आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने महाराष्ट्रात फार घरं उघडी पडली आहेत.

आपल्यापैकी काही जणांना वाटेल की एका शहराने काय होणार. भारत मिथेनच्या बाबतीत जगात पहिल्या तिघांत आहे. आपले प्रतिनिधी परिषदेत बसून आमच्या इगतपुरीच्या भातकऱ्यासाठी वेळ मागतात तेव्हा समोरचे विचारतात, तुमच्या शहरांनी काय केलं? त्या प्रश्नाला नाशिकचं नाव घेऊन उत्तर देता यावं, असं मला वाटतं. माझ्या भावाला त्याची दोन खाचरं आणि म्हशी निश्चिंतपणे सांभाळता याव्यात, त्यासाठी त्याच्या बहिणीच्या शहराने आपला वाटा उचलावा.

अंबड-सातपूर भागातल्या खानावळवाल्यांशी आणि कॅन्टीन चालवणाऱ्यांशी मी बोलते आहे. खरकटं वेगळं करून, लिंबाची सालं आणि हाडं काढून, झाकणाच्या पिंपात द्यायला बरेच जण तयार आहेत. पिंपांचा खर्च आम्ही करू. नावांची यादी मी विभागीय कार्यालयात आणून देईन. गाडी किती वाजता, कोणत्या चौकात येईल आणि खरकटं कोणत्या टाकीत जाईल, एवढं आपण लेखी कळवावं.

आपली,
अंबड परिसरातील एक खानावळचालक
नाशिक